चिंचोके भाजून कोंबड्यांना: नुसत्या प्रोटीनच्या आकड्यावर जाऊ नका

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि माझंच जुनं दुखणं पुन्हा वर आलं. सोयाबीन पेंड परवडेना, चिंचा फोडणाऱ्यांकडं चिंचोक्यांची पोती स्वस्तात पडलेली, ते भाजून-भरडून दीडशे गावरान कोंबड्यांच्या खाद्यात घालायचा तुमचा बेत. मीही औशाजवळ अगदी हेच केलं होतं.

भट्टी, वाळू, भरडा हे तुम्हाला येतंच. माझं नुकसान तपासणीच्या कागदानं केलं.

कच्चे आणि भाजलेले असे दोन नमुने एका ठिकाणी दिले. नाव लिहीत नाही. तीन खेपा झाल्या. कधी साहेब मीटिंगला, कधी पावतीपुस्तक संपलेलं. शेवटी हातात एक ओळ आली, क्रूड प्रोटीन, आणि दोन्ही नमुन्यांचं जवळपास सारखंच! त्याचा अर्थ विचारला तर ‘आमचं काम आकडा देणं’ हे उत्तर. भाजून काही बिघडलं नाही असं धरून मी सगळ्याच कोंबड्यांना एकदम सुरू केलं. दीड महिन्यात अंडी निम्म्यावर आली, तलंगा हाताला हलक्या लागायला लागल्या. अजून राग येतो.

ही तपासणी मोजते नायट्रोजन आणि त्याला ६.२५ ने गुणते. प्रथिन करपलं तरी नायट्रोजन जागेवरच राहतो, त्यामुळं आकडा हलत नाही. पण जास्त भाजलं की लायसिन, म्हणजे प्रथिनातला कोंबडीला लागणारा एक घटक, साखरेशी बांधलं जातं आणि कोंबडीला मिळत नाही. माझे चिंचोके फोडले तर आतली डाळ चहाच्या रंगाची झालेली. ती पांढरट-पिवळी राहायला हवी. नमुना देताना पचनीयता आणि टॅनिन (तुरट द्रव्य) यांचे आकडे लेखी मागा. परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पशुपोषणवाल्यांना आधी भेटलात तर बरं.

दुसरं, मी टरफलासकट भरडत होते. वजनात साधारण ३०% टरफलच असतं आणि टॅनिन त्यातच. टॅनिन प्रथिनाला धरून बसतं, मग ते नीट पचत नाही. भाजण्याचा खरा फायदा टरफल सुटतं हाच. उष्णतेनं टॅनिन जाईल या भरवशावर राहू नका. चोळा, सुपानं पाखडा. तरी प्रमाण कमीच ठेवा, कारण घोंगडीला जी खळ लावतात ती याच पिठाची, आणि पोटातही ते तसंच घट्ट होतं.

मी डॉक्टर नाही, माझ्या मते सांगते: एका वयाच्या वीस कोंबड्या घ्या, दहा नेहमीच्या खाद्यावर, दहांच्या खाद्यात ५% चिंचोके. दर आठवड्याला वजन करा, उरलेलं खाद्यही तोला. दहा वेगळ्या ठेवल्या असत्या तर मला पंधरा दिवसांतच कळलं असतं.

कुणी युरियाची चाचणी सुचवेल. ती सोयाबीन कच्चं राहिलं का हे दाखवते. चिंचोक्याला तिचा उपयोग नाही, आणि करपलेलं तर ती सोयाबीनमध्येही दाखवत नाही. कुणी चिंचोक्याऐवजी सुबाभळीचं बी सुचवलं, तर ते मात्र कोंबड्यांना नकोच, त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं.

आणि भाजलेला माल गरम असताना पोत्यात भरू नका. आत घाम धरून बुरशी येते, आणि तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, पुन्हा भाजून जात नाही.