गर्दी बघून शेअर घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन नागपूरहून समृद्धीने मुंबई आणि तिथून विमानाने गोवा करून आलात, सगळीकडे तोबा गर्दी, हॉटेलात खोली मिळेना, विमानात एक सीट रिकामी नाही, तर बोनसचे दोन लाख हॉटेल आणि विमान कंपन्यांच्या शेअरमध्ये टाकावेत का. आधी एक सांगतो, तुम्ही डोळे उघडे ठेवून फिरताय हे फार चांगलं आहे. मीही तेच करतो, २००६ पासून मार्केटमध्ये आहे आणि कामामुळे महिन्यातले दहा-बारा दिवस विदर्भ-मराठवाड्यात गाडीतच जातात. पण रस्त्यावर दिसतं ते फक्त गिऱ्हाईक. पैसा शेवटी कुणाच्या खिशात जातोय आणि शेअरच्या भावात ते आधीच धरलंय का, हे तिथून दिसत नाही.

विमानाचंच घ्या. २०१८ साली देशांतर्गत विमानप्रवाशांचा आकडा जवळपास १४ कोटी होता, विमानं भरभरून जायची, आणि एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली. त्याआधी २०१२ ला किंगफिशर गेली, नंतर मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. तिकीट रुपयात विकायचं, कंपनीने भाड्याने घेतलेल्या विमानांचं भाडं बहुतेक डॉलरमध्ये द्यायचं, वर इंधन महागलं की सगळं गणित फिरतं. याच काळात इंडिगो मोठी झाली, म्हणजे धंदा करता येतच नाही असं नाही, पण गर्दी तर सगळ्यांच्याच विमानात होती ना.

हॉटेलांचं जरा वेगळं आहे. दारावर पाटी एका मोठ्या ब्रँडची असते आणि इमारत पुष्कळदा दुसऱ्याच कुणाच्या मालकीची, ब्रँडवाल्या कंपनीला फक्त मॅनेजमेंट फी मिळते. तुम्ही भरलेल्या भाड्यातलं किती त्या लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीकडे गेलं ते वार्षिक अहवाल उघडल्याशिवाय कळणार नाही. आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ही तिमाही हॉटेलवाल्यांची चांगली जातेच, त्यामुळे ती मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडून बघा, पावसाळ्यातल्या तिमाहीशी नको.

आता माझा एक अनुभव सांगतो. मागे एकदा जालन्याच्या अलीकडे चहाला थांबलो होतो, शेजारीच ट्रॅक्टरच्या डीलरचं यार्ड होतं. नवेकोरे ट्रॅक्टर दाटीवाटीने लावलेले, सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नाही पण त्यावर बोटभर धूळ, आणि मागच्या रांगेत तर टायरला लागून गवत वाढलेलं. तिथला पोरगा म्हणाला, साहेब, दोन महिन्यांपासून उभेत, कंपनी पाठवतेय म्हणून उतरवून घेतोय, व्याज आमच्या शेठना पडतंय. त्याच आठवड्यात त्या कंपनीचा महिन्याचा विक्रीचा आकडा आला होता, झकास होता, आणि शेअर माझ्याकडे होता. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की कंपन्या दर महिन्याला जो विक्रीचा आकडा सांगतात तो बहुतेक वेळा डीलरला पाठवलेल्या गाड्यांचा असतो, शेतकऱ्याने घेतलेल्या गाड्यांचा नाही. डीलरांची संघटना फाडा आहे, ती दर महिन्याला सरकारच्या वाहन पोर्टलवरच्या नोंदणीवरून रिटेलचे, म्हणजे गिऱ्हाइकाने प्रत्यक्ष घेतलेल्या गाड्यांचे, आकडे देते, त्यात ट्रॅक्टरही असतात. त्या दिवसापासून दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघतो. पण तेव्हाही मी लगेच शेअर विकला नाही, कारण एक यार्ड म्हणजे अख्खा महाराष्ट्र नव्हे. पुढच्या दोन फेऱ्यांत आणखी पाच-सहा डीलरांकडे डोकावलो, बीडकडे तीच परिस्थिती दिसली, अमरावतीकडे माल हलत होता. मग दोन्ही आकड्यांतला फरक तीन महिने वाढतच गेला तेव्हा निम्मे विकले. प्रवासातल्या निरीक्षणाचा मला खरा उपयोग एवढाच झालाय, काय तपासायचं ते त्यातून सुचतं.

याच्या उलट २०१० च्या सुमारास टोलनाक्यावरची रांग बघून एका रोड कंपनीचा शेअर घेतला होता. ट्रॅफिक खरंच वाढत होतं, माझं बघणं चुकलं नव्हतं. पण कर्ज इतकं की टोलचा पैसा व्याजातच जायचा, शिवाय टोलवसुलीचा हक्क ठराविक वर्षांचाच असतो, मग रस्ता सरकारला परत. ताळेबंद उघडून बघायला अर्धा तास लागला असता, तो मी दिला नाही आणि निम्म्याहून जास्त पैसे गेले. त्याचं अजून वाईट वाटतं.

आणि सरकारी कंपनी असेल तर धोरणाचाही धोका धरा. ऑक्टोबर २०२१ मध्ये रेल्वेची ऑनलाइन तिकिटं विकणाऱ्या आयआरसीटीसीला कन्व्हिनियन्स फीमधला, म्हणजे तिकिटावर वेगळ्या घेतल्या जाणाऱ्या शुल्कातला, अर्धा वाटा रेल्वेला द्यायला सांगितलं, दुसऱ्या दिवशी बाजार उघडल्यावर शेअर जवळपास २५ टक्क्यांनी खाली, आणि त्याच दिवशी निर्णय मागे घेतला. गाड्या आदल्या दिवशी जेवढ्या भरलेल्या होत्या तेवढ्याच त्या दिवशीही होत्या.

आता तुमचे दोन लाख. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीये, नसेल तर आधी तो एफडीत ठेवा, बाकी चर्चा नंतर. असेल तरी सगळे एकदम घालू नका, सप्टेंबर २०२४ मध्ये निफ्टी, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, २६,२७७ पर्यंत गेला आणि मार्च २०२५ च्या सुरुवातीला २२,००० च्या आसपास आला, वरच्या भावात एकरकमी घातलेल्यांची झोप उडाली. मी असतो तर दीड लाख आठ-दहा महिन्यांत इंडेक्स फंडात (निफ्टीसारख्या निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत पैसे घालणारा फंड) हप्त्याने टाकले असते आणि उरलेल्या पन्नास हजारांत अभ्यास करून एखादी कंपनी. भावाने ऑप्शन्स, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर पैज लावल्यासारखे सौदे, सुचवलेत म्हणता, ते कृपा करून नकोच. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्याच अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झालेला आहे, आणि हा तुमच्या वर्षभराच्या मेहनतीचा पैसा आहे.

ज्या हॉटेलात राहिलात त्याच्या बिलावर खाली मालक कंपनीचं नाव असेल, ते आधी बघा आणि ती लिस्टेड आहे का ते शोधा. असली तर तिचा ताळेबंद आपण मिळून बघू. मी परवा परत जालन्याला चाललोय, त्या यार्डात डोकावून येतो.