वॉरंटी संपलेली लक्झरी गाडी: कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्यावी की बाहेरच्या गॅरेजला?

तुमची गाडी २०१८ ची बीएमडब्ल्यू ३२०डी. ६८ हजार किलोमीटर झालेत, वॉरंटी संपली आहे आणि रोजची फेरी मुंबईत अंधेरी ते बीकेसी. सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट बाहेरच्या गॅरेजपेक्षा जवळपास दुप्पट आलंय, म्हणून गाडी कुठे टाकावी असं विचारलंय.

गाडी कायमची एकाच दारात बांधायची गरज नाही. काम कोणतं आहे ते बघा, त्यावरून जागा ठरवा.

वॉरंटी चालू असेल तर प्रश्नच नाही, कंपनीकडेच जा. बाहेर सर्व्हिस केली की वॉरंटी आपोआप रद्द होते, असं सरसकट सांगितलं जातं. पण भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ च्या आदेशात १४ कार कंपन्यांना, त्यात बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजही होत्या, अशी सरसकट अट घालू नका असंच सांगितलं होतं. पुढे प्रकरण अपिलात गेलं. तरी क्लेमच्या वेळी काउंटरवर वाद घालत बसण्यापेक्षा दोन-तीन वर्षं तिथेच सर्व्हिस केलेली परवडते.

वॉरंटीनंतरही काही कामं कंपनीकडेच द्या: चावी आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप), एअरबॅग, कंट्रोल युनिट म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर बदलून त्याचं प्रोग्रॅमिंग, आणि रिकॉल, म्हणजे कंपनीने स्वतःच गाड्या परत बोलावून दोष दुरुस्त करणं. रिकॉलचं काम वॉरंटी संपली तरी फुकट होतं. बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांच्या ईजीआर कूलरसाठी (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग) २०१८ पासून बऱ्याच देशांत रिकॉल निघाले, कारण कूलरमधून कूलंट गळून आग लागायचा धोका होता. तुमच्या चेसिस नंबरवर काही बाकी आहे का, हे सर्व्हिस सेंटरला आजच विचारा. बाहेरचा मेकॅनिक कितीही हुशार असला तरी ही माहिती त्याच्याकडे नसते.

बाकी ऑइल, फिल्टर, ब्रेक, सस्पेन्शन, बॅटरी, एसी ही कामं चांगलं गॅरेज तितकीच नीट करतं. चांगलं म्हणजे कसं, ते ऑइल बदलण्यासारख्या साध्या कामातच दिसतं. तुमच्या इंजिनात साधारण ५ लिटर ऑइल बसतं आणि डब्यावर ‘बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०४’ असं लिहिलेलं हवं. नुसतं ‘५डब्ल्यू-३०, फुली सिंथेटिक’ पुरेसं नाही. चुकीच्या ऑइलची राख जास्त पडते आणि ती डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, साचते. काजळी जळून जाते, राख जळत नाही. ऑइल फिल्टरच्या प्लॅस्टिक टोपीवरच २५ एनएम (न्यूटन-मीटर, म्हणजे आवळायचा जोर) लिहिलेलं असतं. हा जोर मोजणारा टॉर्क पाना न लावता ती हाताच्या अंदाजाने करकचून आवळली की पुढच्या वेळी तडकते. टोपीची ओ-रिंग आणि ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा. हे तुमच्यासमोर करायला जो तयार आहे, त्याच्याकडे मोठं काम द्यायला हरकत नाही.

काम झाल्यावर स्क्रीनवरची सर्व्हिसची नोंद रिसेट होते, तिथेही लक्ष ठेवा. जे काम केलं तेवढंच रिसेट व्हायला हवं. काही जण एका दमात सगळंच रिसेट करतात, मग ब्रेक फ्लुइडची तारीख न बदलताच दोन वर्षं पुढे सरकते. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं आणि मुंबईची हवा कशी असते ते सांगायला नको.

स्क्रीन सांगेल तेव्हाच ऑइल बदलायचं, हेही मला पटत नाही. ताशी २० च्या सरासरीने १० हजार किलोमीटर म्हणजे इंजिन ५०० तास चाललं. ६० च्या सरासरीने तेच १६७ तास होतात. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या ट्रॅफिकमधल्या गाडीचं ऑइल ८ हजारांना बदला. त्यातून तुमची फेरी छोटी. डीपीएफ स्वतःला साफ करायला घेतो तोवर तुम्ही पार्किंगमध्ये पोचलेले असता, आणि अर्धवट राहिलेल्या या सफाईसाठी फवारलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. महिन्यातून एकदा पुणे एक्सप्रेसवेवर अर्धा तास एका वेगाने चालवा. ‘डीपीएफ काढूनच टाकतो, कटकट नको’ म्हणणाऱ्या गॅरेजमध्ये पुन्हा पाऊल टाकू नका. ते बेकायदा तर आहेच, शिवाय तो धूर शेवटी आपल्याच शहराच्या छातीत जातो.

गिअरबॉक्सचं ऑइल ‘लाइफटाइम’ आहे, असं तुम्हाला काउंटरवर सांगतील. तो गिअरबॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीचा, आठ स्पीडचा आहे आणि बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षांनी ऑइल बदला म्हणते. तुमची वेळ वर्षांच्या हिशोबाने आलेलीच आहे. याचं चेंबर, म्हणजे खालचा ऑइलचा ट्रे, प्लॅस्टिकचं असतं आणि फिल्टर त्यातच असतो, म्हणून अख्खं चेंबर नवं घालायचं, बोल्टही नवे. झेडएफच्या किटमध्ये ७ लिटर ऑइल येतं. खरी गोम पातळीत आहे. गाडी रॅम्पवर सरळ, इंजिन चालू आणि ऑइलचं तापमान ३० ते ५० अंशांमध्ये असताना भरण्याच्या भोकातून ऑइल बाहेर येऊ लागलं, की पातळी बरोबर. तापमान स्कॅनरवर बघावं लागतं. जितकं निघालं तितकंच भरणाऱ्याने आधीचं कमी ऑइल तसंच ठेवलं, तर गिअर झटके देतात आणि क्लच जळतात. ‘तापमान कितीवर लेव्हल बघता?’ एवढं विचारा. उत्तर अडखळलं तर उठा.

असाच दुसरा प्रश्न बॅटरीचा. नवी बॅटरी गाडीत रजिस्टर करावी लागते. नाहीतर गाडी नवीलाही जुनीच समजून चार्ज करत राहते आणि तिचं आयुष्य घटतं. ब्रेकचं म्हणाल तर तुमच्या गाडीला हाताचा हँडब्रेक आहे, सोपं काम. पण हे वाचणाऱ्या कुणाची ऑडी ए४ वगैरे, मोटरवर चालणाऱ्या हँडब्रेकची गाडी असेल, तर मागचे पॅड बदलण्याआधी स्कॅनरने कॅलिपर सर्व्हिस मोडला न्यावे लागतात. सी-क्लँपने पिस्टन दाबला की कॅलिपरच्या मोटरची वाट लागते.

पार्ट्सवर पैसे वाचतात ते इथे: सस्पेन्शनला लेमफोर्डर, फिल्टरला मान किंवा माले या ब्रँडचे पार्ट्स. कंपनीच्या डब्यातही बऱ्याचदा हाच माल असतो. पण कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ओरिजिनलसारखा डबा आणि आत भलताच माल, हेही होतं. बिलावर पार्ट नंबर छापून घ्या, जुना पार्ट परत मागा.

पावसात हिंदमाता किंवा अंधेरी सबवेला गाडी पाण्यात बंद पडली, तर स्टार्ट मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि विम्यातलं ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा कव्हर घेतलेलं नसेल तर साधी पॉलिसी ते भरून देत नाही. तेव्हा टो करून थेट कंपनीकडे न्या, विमा सर्व्हेअर आणि कॅशलेस तिथे सोपं जातं.

आता हातातल्या एस्टिमेटवर एकेक ओळ खूण करत जा. इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्शन, थ्रॉटल क्लीनिंग अशा ओळी असतील तर ‘हे कंपनीच्या शेड्यूलमध्ये आहे का, दाखवा’ म्हणा. नसतील तर कापा. मग उरलेल्या ओळींची बाहेरच्या कोटेशनशी तुलना करा, त्याच ब्रँडचं ऑइल आणि त्याच पार्ट नंबरवर. दुप्पट दिसणारा फरक बराच खाली आलेला दिसेल.