जुन्या पीसीला स्कझी हार्ड डिस्क लावली, तर एकच डिस्क सात वेळा का दिसते?

तुम्ही लिहिलंय की नागपूरच्या महाल भागातल्या एका बंद झालेल्या छापखान्याचा पीसी घेतला, त्यातल्या स्कझी (SCSI, डिस्क-टेप-स्कॅनर पीसीला जोडायची जुनी पद्धत) कार्डाला डिस्क जोडली आणि आता मशीन सुरू होताना ० ते ६ अशा प्रत्येक क्रमांकापुढे तीच डिस्क येते. भाऊ, डिस्क फेकू नका. तिचा आयडी, म्हणजे केबलवरचा क्रमांक, ७ वर लागलेला आहे आणि ७ हा सहसा कार्डाचा स्वतःचा क्रमांक असतो.

स्कझीत डिस्क, टेप, सीडी, स्कॅनर सगळे पन्नास पिनांच्या एकाच केबलवर असतात. डेटाच्या तारा आठ, म्हणून क्रमांकही आठ, ० ते ७. गंमत अशी की याच आठ तारा ओळख सांगायलाही वापरतात. केबल मोकळी दिसली की ज्याला बोलायचंय तो ती अडवतो आणि आपल्या क्रमांकाची तार चालू करतो. दोघं एकदमच आले तर मोठा क्रमांक जिंकतो. कार्डाला ७ देतात तो यासाठीच. मग जिंकणारा स्वतःची तार चालू ठेवूनच समोरच्याची तारही चालू करतो. म्हणजे ३ ला बोलावताना ३ आणि ७ दोन्ही तारा चालू असतात. तुमच्या डिस्कला दर वेळी ७ ची तार चालू दिसते आणि ती दर वेळी ओ देते.

मशीन बंद करा. डिस्कवर आयडीचे तीन जंपर (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) असतात, किमती १, २ आणि ४. तिन्ही लावलेले असले की बेरीज ७. तिन्ही काढा, आयडी ० होईल. बूट करायच्या डिस्कला बहुधा तोच देतात. शेजारी टर्मिनेशनचेही (केबलच्या टोकाला सिग्नल शोषून घेण्याच्या सोयीचेही) जंपर असतात, म्हणून लेबलवरची आकृती बघूनच हात लावा.

टर्मिनेटर केबलच्या दोन्ही टोकांना हवा, मध्ये कुठेही नको. नसला तर सिग्नल टोकावर आपटून परत येतो आणि डेटा बिघडतो. कार्डाला आतून आणि बाहेरून दोन्हीकडे केबल असेल तर कार्ड मध्ये आलं, त्याचं टर्मिनेशन बंद करा. आणि कूलरच्या दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलेल्या मशीनच्या पिना आधी पुसून घ्या; नागपुरात निम्मा त्रास तिथेच असतो.

१९८६ साली मानक झालेली ही पद्धत मला आजही आवडते. टेप मागे गुंडाळायला वेळ लागणार असेल तर ती केबल सोडून देते, काम झालं की स्वतःच परत येते; तोवर डिस्क आपलं काम करत राहते. त्या काळच्या आयडीई (IDE) या डिस्क जोडायच्या दुसऱ्या पद्धतीत एकाच केबलवरच्या दोन डिस्कपैकी एक कामात असली की दुसरी ताटकळायची.

डिस्क उघडली की फाइलींबरोबर फॉन्टही उचला. त्या काळी श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये नसतो, मूळ फॉन्ट नसला तर पडद्यावर नुसती चिन्हं दिसतील.