मोठ्या आकड्यांच्या लिटरलची चाचणी: सगळं हिरवं, तरी आकडा चुकलेला

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. हौसेखातर स्वतःची छोटी प्रोग्रॅमिंग भाषा लिहिताय. तिच्यात कितीही मोठे पूर्णांक चालतात आणि ते बायनरी, ऑक्टल, दशमान, हेक्स अशा चारही पायांत (म्हणजे २, ८, १०, १६ हा पाया धरून) लिहिता येतात. लिटरल (कोडमध्ये थेट लिहिलेला आकडा) वाचून परत छापला की तोच आकडा येतो, चाचण्या सगळ्या पास आहेत, पण मनाला खात्री वाटत नाही. अजून काय तपासू?

खात्री वाटत नाही ते बरोबरच आहे. वाचलं, छापलं, जुळलं ही चाचणी फसवी. मोठा आकडा आत तुकड्या-तुकड्यांत साठवला जातो. समजा वाचताना तुम्ही तुकडे उलट्या क्रमाने लावले आणि छापतानाही उलटेच उचलले. आकडा जसाच्या तसा परत येईल, आणि गुणाकार केला की तोंडावर आपटाल.

मी यात एकदा चांगलाच पोळलोय. ६४ बिटांचे आयडी येणाऱ्या एका कामात मी जावास्क्रिप्टमध्ये चाचणी लिहिली होती: इनपुट ९००७१९९२५४७४०९९३, अपेक्षित उत्तरही तेच. कित्येक महिने हिरवी. जावास्क्रिप्टचा साधा नंबर म्हणजे ६४ बिटांचा फ्लोट (दशांश चिन्हाचा आकडा). त्यात २ च्या ५३ व्या घातापर्यंतचेच पूर्णांक एकही न गाळता बसतात, आणि माझा आकडा नेमका त्याच्या एकने पुढचा. म्हणजे इनपुट ९००७१९९२५४७४०९९२ झालं, आणि चाचणीच्या फाइलमधलं अपेक्षित उत्तरसुद्धा त्याच पार्सरमधून (लिहिलेलं वाचून त्याचा आकडा करणाऱ्या भागातून) गेल्यामुळे ९९२ च झालं. दोन्हीकडे सारखीच चूक, मग तक्रार कोण करणार? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. बरं, शेवटी एन हे अक्षर जोडून बिगइंट (कितीही मोठा पूर्णांक) लिटरल लिहिला असता तर वाचलो असतो. पण घाईत बिगइंट हे फंक्शन वापरून त्याच्या कंसात साधा आकडा टाकला, तर तो कंसात पोचायच्या आधीच गोल झालेला असतो.

म्हणून माझा एकच आग्रह: अपेक्षित उत्तर लिटरलच्या रस्त्याने आणू नका, दुसऱ्या रस्त्याने आणा. सगळ्यात सोपा दुसरा रस्ता म्हणजे अंकगणित. कुठल्याही पायात सर्वात मोठा अंक एन वेळा लिहिला की किंमत होते पायाचा एनवा घात वजा एक. म्हणजे हेक्समध्ये (तिथे ९ च्या पुढचे अंक ए ते एफ) वीस एफ लिहिले तर १६ चा विसावा घात वजा १, ऑक्टलमध्ये बावीस ७ लिहिले तर ८ चा बाविसावा घात वजा १. उजवी बाजू एका लूपमध्ये गुणाकाराने काढा. तिथे १६ पेक्षा मोठा आकडा लिहावाच लागत नाही, त्यामुळे पार्सरवर भिस्त राहत नाही. एन १ पासून २०० पर्यंत फिरवा, चारही पायांत. दहा ओळींचं काम आहे.

फक्त एवढ्यावर थांबू नका, कारण सगळे एफ असले की पूर्ण भरलेल्या तुकड्यांची आपसात अदलाबदल झाली तरी कळत नाही. बेढब आकडेही हवेत. हेक्समध्ये १, मग सोळा शून्यं, मग २, मग सात शून्यं, मग ३ असं लिहा. किंमत १६ चा २५ वा घात, अधिक दोन गुणिले १६ चा ८ वा घात, अधिक ३.

दशमानात याच जातीची एक हमखास चूक आहे. बरेच जण आकडा नऊ-नऊ अंकांच्या तुकड्यांत छापतात, कारण ९९९९९९९९९ हा ३२ बिटांत बसतो. पहिला सोडून बाकीच्या तुकड्यांना डावीकडून शून्यं भरायची राहिली, की १०००००००००००००००००१ हा आकडा मान खाली घालून १०१ असा छापला जातो. तेव्हा १० चा १८ वा घात अधिक १ ही चाचणी आजच टाका.

एन किती घ्यायचा यालाही कारण आहे. हेक्सचा एक अंक ४ बिट, ऑक्टलचा ३. तुमचा आतला तुकडा ३२ किंवा ६४ बिटांचा असेल तर हेक्सचा अंक कधीच दोन तुकड्यांत फाटत नाही, ऑक्टलचा मात्र फाटतो. ११ ऑक्टल अंक म्हणजे ३३ बिट, २२ म्हणजे ६६. हेक्स बरोबर आणि ऑक्टल चूक, असं दिसलं तर आधी या सांध्यावर बोट ठेवा. पायथॉनच्या नेहमीच्या ६४ बिटी बिल्डमध्ये तुकडा ३० बिटांचा असतो, तिथे गंमत उलटी: ऑक्टल नीट बसतो आणि हेक्स फाटतो.

दुसऱ्या भाषेकडून उत्तर पडताळून घेणंही चांगलं, मी त्यासाठी पायथॉनच वापरतो. पण ते उत्तर जेसनमध्ये (माहिती साठवायच्या मजकुरी फाइलमध्ये) आकडा म्हणून ठेवू नका, स्ट्रिंग (नुसता मजकूर) म्हणून ठेवा. नाहीतर वाटेत कुणीतरी त्याचा फ्लोट करतो आणि पुन्हा माझीच गोष्ट.

आता नाकारायच्या गोष्टी. काय चालतं यापेक्षा काय चालत नाही याच्या चाचण्या लोक कमी लिहितात. शून्य-एक्स या हेक्सच्या खुणेपुढे काहीच नाही, बायनरीत २, ऑक्टलमध्ये ८, अंडरस्कोर (अंकांचे गट पाडायला मधे टाकतात ती खालची रेघ) लागोपाठ दोन किंवा अगदी शेवटी: या सगळ्यांवर एरर आलीच पाहिजे. आणि सुरुवातीच्या शून्याचं काय करणार ते ठरवा. ०१० म्हणजे सी, जावा आणि रूबीत ८. पायथॉन २ मध्येही ८ होतं, पायथॉन ३ मध्ये सरळ सिंटॅक्स एरर, पण तिथेच स्ट्रिंग म्हणून इंट फंक्शनला (ते स्ट्रिंगचा पूर्णांक करतं) दिलं तर १०. मला पायथॉन ३ चा लिटरलबाबतचा निर्णय पटतो.

पाया बदलला की नियमही बदलतात हे जावात नीट दिसतं. दशमानात ४२९४९६७२९५ लिहिलं तर कंपायलर आकडा फार मोठा म्हणून अडवतो. तीच किंमत हेक्समध्ये आठ एफ अशी लिहिली तर मुकाट घेतो, आणि ती निघते उणे १. २१४७४८३६४८ तर फक्त आकड्याच्या आधी उणे चिन्ह असेल तरच चालतो. तुमच्या भाषेत पूर्णांकाला मर्यादा नाही, म्हणजे हा घोळ नसायलाच हवा. पण नसल्याची चाचणी हवी. उणे चिन्हाची तर नक्कीच: जावास्क्रिप्टमध्ये बिगइंटला हेक्सची स्ट्रिंग चालते, तिच्या सुरुवातीला उणे लावलं की सिंटॅक्स एरर.

अजून एक मजेशीर खड्डा. बी हा बायनरीच्या खुणेतही आहे आणि हेक्सचा अंकही आहे. पायथॉनमध्ये शून्य-बी-एक ही स्ट्रिंग पाया १६ सांगून वाचली तर उत्तर १ नाही, १७७ येतं. नियमाने ते बरोबरच आहे! तसंच एक-ई-तीन म्हणजे एरवी १ गुणिले १० चा तिसरा घात, पण शून्य-एक्स-एक-ई-तीन म्हणजे हजार नव्हे, ४८३.

वेगही तपासा. हेक्स, ऑक्टल, बायनरी वाचणं म्हणजे बिट जागेवर ठेवणं, अंक दुप्पट तर वेळ दुप्पट. दशमान मात्र साध्या पद्धतीने वाचलं तर अंक दुप्पट की वेळ चौपट. लाखो अंकांची स्ट्रिंग पाठवून कुणीही सर्व्हर अडकवू शकतो, म्हणून २०२२ मध्ये पायथॉनने दशमान स्ट्रिंग आणि पूर्णांक यांच्यातल्या रूपांतरावर ४३०० अंकांची मर्यादा घातली. ती सोर्समधल्या दशमान लिटरललाही लागते, हेक्सला नाही. पायथॉनकडून उत्तरं पडताळताना हे लक्षात ठेवा, नाहीतर एरर पाहून उगाच स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसाल.

शेवटी आपल्या घरचा प्रश्न. पायथॉनचं इंट फंक्शन '१२३' ही देवनागरी स्ट्रिंग घेतं आणि खरोखर एकशे तेवीस देतं, पण कोडमध्ये लिटरल म्हणून १२३ देवनागरीत लिहिलं तर एरर. जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन त्याच स्ट्रिंगला नॅन (आकडाच नाही) म्हणतं. तुमची भाषा लिटरलमध्ये देवनागरी अंक घेणार असेल तर १२3 अशी खिचडी चालणार का, तेही ठरवावं लागेल. मी असतो तर देवनागरी घेतली असती आणि खिचडीवर एरर दिली असती.