किनारा आम्ही झाडतो, शेजारी बघतात

प्रश्न : रत्नागिरीत आम्ही काही जण रविवारी मांडवीचा किनारा साफ करतो. शेजारी तोंडभर कौतुक करतात, सोबत मात्र कोणी येत नाही. लोकांना यात ओढावं कसं? – एक वाचक

उत्तर : अहो, किनाऱ्यावर बोलवूच नका त्यांना! सुरुवात त्यांच्या दारातल्या गटारापासून करा. पहिला मोठा पाऊस पडला की वेफर्सची पाकिटं, बाटल्या वहाळातून थेट समुद्रात. आपलं पाकीट वाहताना दिसलं की माणूस जरा वरमतो.

मुंबईचे वकील अफरोज शाह यांनी 2015 मध्ये तिथल्या वर्सोव्याचा किनारा साफ करायला घेतला, तेव्हा सोबत होते फक्त एक वयस्क शेजारी. 2018 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. म्हणून गर्दीची वाट पाहू नका, एक शेजारी पकडा. शक्यतो आळीतली ती काकू, जिचा शब्द कोणी मोडत नाही.

आपल्या वेंगुर्ल्यात एकदा जाऊन याच. तिथली कचरा टाकायची जागा आज लोक मुद्दाम बघायला येतात, कारण कचरा घरातच वेगळा होतो. झाडून कचऱ्याची नुसती जागा बदलते, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि शिमग्याआधी मानकऱ्यांना भेटा. ग्रामदैवत भैरीबुवाची पालखी येणार म्हटलं की अंगण सारवणारे हात आपोआप निघतात. त्याच दिवशी पुढचा वहाळही साफ करून घ्या. चहा-भज्यांची सोय ठेवा, भाषण नको.