दान्तेच्या ‘कॉमेडी’त विनोद कुठे आहे?

चौदाव्या शतकातला इटालियन कवी दान्ते याच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या महाकाव्यात नरकयातनांची वर्णनं आहेत, मग तिला कॉमेडी का म्हणायचं, असा प्रश्न आला आहे.

दान्तेच्या काळी या शब्दाचा हसण्याशी फारसा संबंध नव्हता. सुरुवात वाईट, शेवट गोड ती कॉमेडी. उलट असेल ती ट्रॅजेडी. मराठी समीक्षेतला ‘सुखात्मिका’ हा शब्द या अर्थाच्या जवळ जातो. काव्यातली दान्तेची यात्रा नरकातून निघून स्वर्गात पोचते, म्हणून सुखात्मिका. बहुतेक जण इथेच थांबतात, पण खरी गंमत पुढे आहे.

कॉमेडी हे शैलीचंही नाव होतं. ट्रॅजेडीची भाषा भारदस्त, कॉमेडीची साधी. दान्तेचा आश्रयदाता, वेरोनाचा सत्ताधीश कान्ग्रांदे देल्ला स्काला याला लिहिलेल्या लॅटिन पत्रात, जे दान्तेचंच का यावर अभ्यासकांत वाद आहे, हे कारणही दिलंय: काव्य लोकभाषेत, म्हणजे इटालियनमध्ये आहे, बायकाही बोलतात त्या भाषेत.

आता ‘इन्फेर्नो’, म्हणजे नरकाचा पहिला भाग, उघडा. विसाव्या सर्गात दान्तेचा वाटाड्या, रोमन कवी व्हर्जिल, आपल्या ‘ईनिड’ या लॅटिन महाकाव्याला ‘माझी उदात्त ट्रॅजेडी’ म्हणतो. एकविसाव्याच्या दुसऱ्याच ओळीत दान्ते स्वतःच्या काव्याला ‘माझी कोमेदिया’ (म्हणजे कॉमेडी) म्हणतो, आणि त्या सर्गाची शेवटची ओळ काय, तर सैतानांचा म्होरक्या ढुंगणाची तुतारी वाजवतो! हा योगायोग असेल असं मला मुळीच वाटत नाही.

त्याहून मला आवडते ती ‘मम्मा’ या शब्दाची कथा. लोकभाषेतल्या काव्यावर दान्तेने आधी एक लॅटिन ग्रंथ लिहायला घेतला होता. उच्च शैलीत ‘मम्मा’ आणि ‘बाब्बो’ (म्हणजे बाबा) चालणार नाहीत, ते पोरकट आहेत, असं त्यात त्याने बजावलं. ‘कोमेदिया’त मात्र दोन्ही शब्द आले. ‘पुर्गातोरिओ’ या दुसऱ्या भागाच्या एकविसाव्या सर्गात तर रोमन कवी स्तातियुस म्हणतो, ‘ईनिड’ माझी मम्मा होती. लॅटिनमधल्या सर्वांत मानाच्या महाकाव्याला घरातल्या लेकराची हाक! इटालियन भाषेवरचा एवढा विश्वास दुसऱ्या कुठल्या ओळीत मला दिसलेला नाही.

पंडितांना हे रुचलं नाही. बोलोन्याच्या जोवान्नी देल व्हिर्जीलिओने लॅटिनमध्ये लिहा म्हणून आग्रह धरला. दान्तेने त्याला उत्तर लॅटिन पद्यातच दिलं, पण ‘कोमेदिया’ इटालियनमध्येच पुरी केली.

‘डिव्हाइन’ हे विशेषण दान्तेचं नव्हे. ते नंतरचा इटालियन लेखक बोकाच्चो याने लावलं, आणि मुखपृष्ठावर आलं व्हेनिसच्या १५५५ च्या आवृत्तीत.