लाइटचं उलट काय, हेवी की डार्क?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं (या वेळी तिन्ही पत्रं स्कॉलरशिपच्या इंग्रजीवरची)

प्रश्न : ताई नमस्कार. माझा मुलगा पाचवीत आहे, मराठी माध्यम, स्कॉलरशिपला बसवलंय. दुकानातून अपोझिट वर्ड्सचं पुस्तक आणलं, त्यातल्या तीनशेच्या आसपास जोड्या पाठ करून घेतल्या, घरी विचारलं की धडाधड म्हणतो पण सराव पेपरात त्यातल्याच जोड्या चुकवतो. बॉरो आणि लेंडमध्ये तर रोजचा गोंधळ. अजून काय पाठ करून घेऊ? – एक आई, बार्शी

उत्तर : अजून काहीच नाही, आहे ते पुस्तक पण आठवडाभर कपाटात ठेवा. रागावू नका, पण त्याला जोड्या येतायत, शब्द येत नाहीयेत. थिक म्हटलं की थिन हे तोंडात बसलंय. आज त्याला विचारून बघा, थिक म्हणजे काय, घरातली एक थिक वस्तू दाखव. अडखळला तर समजा की तीनशे जोड्यांचा नुसता पाढा झालाय.

आणि पेपर पाढा विचारत नाही. वाक्य दिलेलं असलं आणि त्यातल्या एका शब्दाखाली रेघ असली की खरी मजा होते. द बॅग इज लाइट, इथे उत्तर हेवी. शी हॅज अ लाइट ब्लू साडी, इथे डार्क. पर्यायात दोन्ही ठेवलेले असले की पाठ केलेला पोरगा पुस्तकात जे होतं त्याचाच गोल रंगवून येतो, वाक्य वाचतच नाही. ओल्ड मॅन असेल तर यंग, ओल्ड बस असेल तर न्यू. हार्ड क्वेश्चनला इझी पण हार्ड बेडला सॉफ्ट. शॉर्ट मुलगा असेल तर टॉल, शॉर्ट रस्ता असेल तर लाँग. राइटचं तर सगळ्यांनाच माहितीये, हात असेल तर लेफ्ट, उत्तर असेल तर राँग. म्हणजे शब्दाला स्वतःचं असं एक ठरलेलं उलट नसतं, तो कोणाबद्दल बोललाय त्यावर ते ठरतं, आणि हे एकदा पोराच्या डोक्यात शिरलं की निम्मं काम झालं.

यात आपली मराठी पण मधेमधे येते. आपण लहान-मोठा या एकाच जोडीत भाऊ, डबा, अक्षर सगळं बसवतो. इंग्रजीत भाऊ यंगर नाहीतर एल्डर, डबा स्मॉल नाहीतर बिग, आणि अक्षर स्मॉल नाहीतर कॅपिटल. पोरं ‘माय स्मॉल ब्रदर’ लिहितात ते यातूनच. उलटं पण होतं, आपल्याकडे बस जुनी आणि माणूस म्हातारा, इंग्रजीत दोघंही ओल्ड. म्हणून जोडी लिहायचीच असेल तर एकटी लिहू नका, सोबत वस्तू लिहा. ओल्ड बस – न्यू बस, ओल्ड मॅन – यंग मॅन. एवढा एक बदल केलात तरी फरक दिसेल.

आता बॉरो-लेंड. मराठीत उसनं घेणं आणि उसनं देणं, उसनं तेच राहतं, घेणं-देणं बदललं की काम झालं. इंग्रजीत दोन वेगळेच शब्द, घेण्याला बॉरो, देण्याला लेंड. पण गोंधळाचं मोठं कारण असं की ते दोन्ही नवे शब्द एकाच दिवशी, एकाच ओळीत शिकवले गेले. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या विद्यापीठात पॉल नेशन म्हणून प्राध्यापक होते, शब्दसंग्रह कसा शिकवावा यातलं जगभर घेतलं जाणारं नाव, त्यांचं म्हणणं असं की विरुद्धार्थी शब्द दोन्ही नवे असताना जोडीने शिकवूच नयेत, एक पक्का होऊ द्यावा आणि मग दुसरा आणावा, नाहीतर दोन्ही आठवतात पण कुठला कोणता ते आठवत नाही. तुमच्या मुलाचं अगदी हेच झालंय. आणि बाजारातली सगळी पुस्तकं बरोबर याच्या उलट वागतात, त्याला आपण काय करणार! तर काही दिवस घरात फक्त बॉरो. कॅन आय बॉरो युवर पेन, कॅन आय बॉरो युवर सायकल, भाजी चिरताना पण मागा काहीतरी. लेंडचं नाव काढायचं नाही. बॉरो न अडखळता यायला लागलं की मग लेंड. इम्पोर्ट-एक्सपोर्टला पण हीच युक्ती. जे शब्द त्याला आधीच नीट येतात, बिग-स्मॉल वगैरे, त्यांची जोडी खुशाल लावा.

पेपरातल्या दोन खोड्या सांगून ठेवते. एक, उलट विचारलेलं असतं आणि पर्यायात सारख्या अर्थाचा शब्द वरच बसलेला असतो, म्हणजे हॅपीचं उलट विचारलंय आणि पहिलाच पर्याय ग्लॅड. ओळखीचा शब्द दिसला की पोरं गोल रंगवून मोकळी. दुसरी म्हणजे शब्दाचं रूप. स्ट्राँगला वीक लागतो, वीकनेस नाही. ॲक्सेप्टेडला रिफ्यूज्ड, नुसतं रिफ्यूज नाही. स्कॉलरशिपच्या दुसऱ्या पेपरात इंग्रजीचे २५ आणि बुद्धिमत्तेचे ५० असे ७५ प्रश्न ९० मिनिटात सोडवायचे असतात, त्यामुळे घाई होतेच, पण चारही पर्याय वाचायची सवय आत्ता लावली तर लागेल, परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगून नाही लागत.

प्रश्न : ताई मी आठवीत आहे. उलट शब्द करताना अन लावायचं, इन लावायचं की डिस लावायचं, काही नियम आहे का? सर म्हणतात पाठ करा. – संगमनेर

उत्तर : सर अर्धे बरोबर आहेत रे. अर्धा नियम आहे, तो घे. इन जिथे लागतो तिथे पुढचं अक्षर बघ. पी, बी किंवा एम असेल तर इनचा इम होतो : इम्पॉसिबल, इम्बॅलन्स, इममॅच्युअर. पुढे एल असेल तर इल, इल्लीगल. आर असेल तर इर, इररेग्युलर. तू संस्कृतमध्ये संधी शिकतोयस ना, सम् + लग्न = संलग्न, तसंच जिभेच्या सोयीसाठी झालंय हे. पण हा नियम फक्त इनचा. अन कशालाच जुमानत नाही, अनपेड, अनलकी, अनरीड सगळीकडे तो तसाच.

आता मूळ शब्दाला अन लागतो की इन की डिस, याला मात्र पक्का नियम नाही. आपण तरी गैरहजर म्हणतो, बेहजर का नाही म्हणत? नापसंत म्हणतो, गैरपसंत नाही. बेकायदा म्हणतो, नाकायदा नाही. तुला कोणी नियम शिकवला नाही, ऐकून ऐकून बसलं. इंग्रजीचं तसंच, म्हणून वाचत राहा.

स्पेलिंगसाठी मात्र एक गोष्ट लक्षात ठेव, मूळ शब्दाचं एकही अक्षर गळत नाही. म्हणून इररेग्युलरमध्ये सुरुवातीला लागोपाठ दोन आर, अननेसेसरीत यूनंतर लागोपाठ दोन एन, डिससॅटिस्फाइडमध्ये लागोपाठ दोन एस, पण डिसअपिअरमध्ये एकच एस कारण अपिअर ए पासून सुरू होतो.

आणि फसवे शब्द बघून ठेव. इनव्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोलाचं नव्हे, अनमोल. इनफ्लेमेबल आणि फ्लेमेबल दोन्ही म्हणजे पेट घेणारं. हेल्पलेस हा हेल्पफुलचा उलट नाही, तिथे अनहेल्पफुल लागतो. आठवीच्या पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही गोल रंगवावे लागतात, तिथे असे शब्द बरोबर आडवे येतात.

प्रश्न : नात पाचवीत आहे, तिचे आईवडील दोघंही नोकरीला, संध्याकाळी ती माझ्याकडे असते. मला इंग्रजी वाचता येतं पण बोलता येत नाही, उच्चार चुकतील म्हणून सराव घ्यायला धजत नाही. – एक आजोबा, चिपळूण

उत्तर : आजोबा, बोलायचं काम तिचं, तुम्ही मराठीत बोला. तुम्ही म्हणा, ‘रस्ता अरुंद आहे.’ तिने इंग्रजीत सांगायचं नॅरो, मग रुंद म्हणून ब्रॉड. तुम्ही म्हणा, ‘पिशवी जड आहे.’ उच्चाराची शंका आली तर मोबाइलवरच्या डिक्शनरीत स्पीकरचं चित्र असतं, ते दाबून दोघंही ऐका.

एक मात्र करा, काल विचारलेलं आज परत विचारा. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून छापलं होतं की पाठ केलेलं सगळ्यात जास्त निसटतं ते सुरुवातीच्या काही तासांत, नंतर निसटण्याचा वेग कमी होतो. तेव्हा दिवसाला पाचच शब्द, पण दुसऱ्या दिवशी, मग दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याने. चिठ्ठ्या करून दोन डबे ठेवा, आलेल्या एकात, चुकलेल्या दुसऱ्यात, चुकलेला डबा रोज उघडायचा, आलेला रविवारी. चिठ्ठ्या तिच्याच हातून लिहून घ्या म्हणजे स्पेलिंगचा सराव वेगळा करावा लागणार नाही.